तुळशीत भांग

मंडळाच्या गेल्या बैठकीत चहापानाच्या वेळी माझ्या जर्मनीतल्या पुतण्याचा विषय निघाला. तो म्युनिकला आपल्या घराच्या गच्चीवर गांजाची तीन झाडे लावतो, आणि तेही तिथल्या सरकारच्या संमतीने, हे ऐकल्यावर एक ज्येष्ठ सभासद हसत हसत म्हणाले, "तुळशीत भांग, दुसरे काय!" हशा पिकला. मीही हसलो. ज्येष्ठांच्या विनोदाला हसण्याची सवय आपल्या समाजात लहानपणीच लागते. घरी परतताना मात्र पाय आपोआप महाकालाकडे वळले. संध्याकाळच्या शृंगाराची वेळ होती. ज्योतिर्लिंगावर भांगेचा लेप देऊन, वर सुक्यामेव्याने डोळे-भुवया रेखून देवाचे मुख साकारले होते. आणि त्या मुखापुढे हात जोडून उभ्या असलेल्या गर्दीत ते ज्येष्ठ सभासदही होते.

यात विसंगती आहे असे त्यांना वाटले नसावे. आपल्यापैकी कोणालाच वाटत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी आमचे घराणे क्षिप्रेचा काठ सोडून गेले नाही, हेही सांगतो. पण त्याच मंदिरातल्या देवाला जी वनस्पती रोज वाहिली जाते, जी महाशिवरात्रीला आणि रंगपंचमीला आपल्याच वाड्यांतल्या पाट्यावर वाटली जात असे, तिचे नाव काढताच आपण तुळशीवृंदावनाच्या आड दडतो. म्हण मराठी, देव माळव्याचा आणि वागणूक सोयीची! पुतण्याची वकिली करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. त्याच्याशीही माझे भांडण आहे. पण आधी त्याच्या गच्चीविषयी सांगितले पाहिजे, कारण ज्या गोष्टीला आपण हसलो ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीच नाही.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती तीन झाडे घरी वाढवता येतात. घरात ५० ग्रॅम आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत माल जवळ बाळगता येतो. मुलांच्या हाती काही लागणार नाही याची जबाबदारी लावणाऱ्याची. त्या वर्षी सप्टेंबरात मी पंधरा दिवस त्याच्याकडे होतो. कुंड्यांत कमरेएवढी उंच, रुंद पानांची, झुडपासारखी तीन झाडे उभी होती. थंड रात्रींमुळे पानांच्या कडा आणि फुलांच्या टोकांवर जांभळी झाक चढली होती. आपल्याकडे नाल्याकाठी उगवणारी उंच, किडकिडीत भांग पाहिलेल्या मला ती ओळखूही आली नाहीत. वाणाचे नाव ऐकून मी थक्क झालो: 'वेडिंग केक'! सत्ताविशी ओलांडली तरी लग्नाला तयार नसलेला मुलगा गच्चीवर लग्नाचा केक पिकवतो, हे त्याच्या आईला कसे सांगावे?

थंड मुलखात हे झाड वाढवणे सोपे नाही, हे तिथे गेल्यावर कळले. भांगेचे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ते फुलावर येते. आपल्या उज्जैनीत, २३ अंश अक्षांशावर, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांचा. म्युनिकला, ४८ अंशांवर, तो सोळा तासांचा. त्यामुळे तिथे झाड फुलावर येते ते ऑगस्टच्या अखेरीस, आणि फूल पिकायच्या आत ऑक्टोबरचा गार पाऊस गाठतो. घट्ट, भरगच्च फुलांच्या आत करडी बुरशी धरते आणि दोन दिवसांत हातचे पीक जाते. (ज्या गावात जयसिंगाने वेधशाळा बांधली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि ज्याच्या उत्तरेस डोंगल्याजवळून कर्कवृत्त जाते, त्या गावच्या माणसाला हे शास्त्र कळायला वेळ लागू नये. शंकुयंत्राच्या सावलीत आपण जे वाचतो, तेच ते झाड अंधारात वाचते.) म्हणून पाश्चात्त्य पैदासकारांनी दोन कुळांचा संकर केला. हिंदुकुश आणि अफगाण डोंगरांतली बुटकी, रुंद पानांची, लवकर पिकणारी झाडे एका बाजूला. उष्ण देशांतली उंच, सडपातळ, उशिरा पिकणारी झाडे दुसऱ्या बाजूला. काही वाणांत मध्य आशिया आणि रशियातली अशीही जात मिसळली, की जी दिवसाची लांबी न पाहता ठरावीक वयात फुलते. पुतण्याने तीन झाडांना किती जपले होते! संध्याकाळ झाली की ऊबदार शाल घेऊन मी आत बसे आणि तो कुंड्या ओढून वळचणीखाली आणे. तरी एक झाड बुरशीने गेलेच.

आणि त्याचा तो वास! हे मान्यच केले पाहिजे. वाळवून काचेच्या बरणीत ठेवलेल्या फुलाचे झाकण त्याने उघडले तेव्हा आधी व्हॅनिलासारखा गोडसर, मग काळ्या मिऱ्यांचा, मग आंबवलेल्या पिठाचा असा थराथरांनी वास आला. त्याचे दोन मित्र आले होते. तिघेही बरणी नाकाशी धरून, आपले आजोबा कनौजच्या अत्तराचा फाया धरून बसत तसे, वासावरच अर्धा तास बोलत होते. केक त्यात कुठेच नाही. साखरेचा कणही नाही. हा सारा फुलातल्या सुगंधी तेलांचा खेळ: लिंबाच्या सालीतले तेच द्रव्य, मिऱ्यांतले तेच, आणि अलीकडच्या संशोधनाप्रमाणे अत्यल्प प्रमाणातली गंधकयुक्त द्रव्येही. मला धूर तंबाखूचाही सोसत नाही, म्हणून मी त्यांच्यात सामील झालो नाही. पण तो आनंद खोटा होता किंवा ते तिघे बिघडलेले होते, असे लिहिले तर मी खोटे लिहीन. त्यांनी थोडेसे घेतले, संगीत ऐकले, भरपूर जेवले आणि सकाळी कामावर गेले.

तेव्हा भांडण कुठे आहे? पुतण्याने झाकण लावता लावता एक वाक्य टाकले, तिथे आहे. तो म्हणाला, "काका, हे आपलेच आहे. तुम्ही शिवरात्रीला प्यायचा तेच."

आपलेच आहे, हे अर्धे खरे. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने या वनस्पतीच्या एका जातीला 'इंडिका' हे नाव दिले ते भारतातून गेलेल्या नमुन्यावरूनच. आज परदेशात ज्याचे कौतुक होते ते बिनबियांचे फूल, म्हणजे नरझाडे वेळीच उपटून मादीला फळू न देण्याची विद्या, आपल्या शेजारच्या निमाडातले शेतकरी एकोणिसाव्या शतकात जाणून होते. मध्य प्रांतातला गांजा खंडव्याच्या परिसरातच, सरकारी देखरेखीखाली पिकत असे. बंगालात नौगावला तर नरझाड ओळखून उपटण्यासाठी 'पोद्दार' नावाचे कसबी माणूस बोलावले जात. हिमालयातले बी सत्तरच्या दशकात परदेशी प्रवाशांच्या झोळ्यांतून बाहेर गेले आणि केकचे नाव धारण करून आता पाकिटातून परत येऊ पाहते. गोडाशी संगनमतही आपल्याला नवे नाही. आयुर्वेदात भांगेचे नाव विजया. मदनानंद मोदकासारख्या पाठांत ती तुपासाखरेसह येते. थंडाईत बदाम, मगज, खसखस, बडीशेप, वेलची, मिरे, गुलाबपाकळ्या आणि केशर घालून आपण जे करतो, ते मिष्टान्न नाही तर काय आहे?

पण 'तेच' आहे, हे साफ खोटे. आम्ही प्यायचो ते पान. पुतण्या ओढतो ते फूल. मद द्रव्यरूपाने साठतो तो फुलात आणि फुलाभोवतीच्या चिकात. पानात त्याचा अंश थोडा. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या तपासणीत या द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. केकसारख्या नावांच्या फुलांवर आता २० टक्क्यांच्या वरचे आकडे छापलेले असतात. २०१९ मध्ये युरोपातील आणि ब्राझीलमधील अकरा ठिकाणी झालेल्या एका अभ्यासात, १० टक्क्यांहून जहाल माल रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीही न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. ताकाला आणि दारूला 'पेय' हा एकच शब्द लागू पडतो म्हणून दोन्ही एकच होत नाहीत. जहालपणाला गोड नाव दिले की माणूस मोजायचे विसरतो. पुतण्याच्या मित्राने मला फुलाचा वास, गाव, कुळी सारे सांगितले. टक्केवारी विचारली तेव्हा मात्र त्याला बरणी उलटी करून पाहावी लागली.

इथे मला आमच्या आजीची आठवण येते. ती स्वतः कधी भांग प्यायली नाही, पण आमच्या घरातली भांग तिच्या हुकमाने चाले. महाशिवरात्र आणि रंगपंचमी, वर्षातून दोनच दिवस. पाने रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, मग पाट्यावर मिऱ्यांबरोबर गंधासारखी वाटायची. वाटण झाले की आजी स्वतः गोळ्या वळे: बोराएवढी मोठ्यांना, गुंजेएवढी नवशिक्याला. लग्न न झालेल्याला नाही, आजाऱ्याला नाही, उपाशीपोटी नाही. दूध सायीचे. आणि सर्वांत कडक नियम असा, की दुसरा पेला मागायचा नाही. "चढली नाही," असे कुरकुरणाऱ्या आमच्या धाकट्या काकांना ती म्हणायची, "दिवेलागणीपर्यंत थांब, मग बोल." काका दिवेलागणीपर्यंत थांबत, आणि मग त्यांना बोलता येत नसे.

लहानपणी आम्ही हे सोवळ्याओवळ्यातच जमा करीत होतो. आता वाचनात आले त्यावरून कळते, की त्यात सोवळे थोडे आणि अनुभव फार होता. भांगेतले मादक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून पाने कितीही धुतली तरी हिरवटपणा आणि धूळ जाते, मद जात नाही, आणि सायीच्या दुधात तो उतरतो. धुरावाटे घेतलेले काही मिनिटांत जाणवते. पोटात घेतलेले मात्र यकृतातून जाताना अधिक तीव्र अशा दुसऱ्या रूपात पालटते आणि रंग दाखवायला तासभर, कधी दोन तास लावते. तोवर "काही झाले नाही" म्हणून दुसरा पेला घेतलेला माणूस पुढे रात्रभर पस्तावतो. दुसरा पेला नाही, हा आजीचा नियम कोणत्याही पोथीत नव्हता. पण कॅनडात २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाल्यावर खाद्यपदार्थांबाबत तिथल्या लोकांना जे समजावून सांगावे लागले, ते याहून निराळे नव्हते: थोडे घ्या आणि थांबा.

हा नियम आपण पुढच्या पिढीला दिला का? नाही. आजी गेल्यावर पाटा माळ्यावर गेला, आणि पाट्याबरोबर मापही गेले. आम्ही शिकलो, नोकऱ्यांत शिरलो, 'आमच्याकडे तसले काही नसते' असे म्हणू लागलो. मुलांना ना पान आणि फूल यांतला फरक सांगितला, ना गोळीचे माप, ना कायदा. सांगितली ती एक म्हण. ज्या मुलाला घरात काहीच सांगितलेले नसते, तो बाहेर जे पहिल्यांदा गोड आवाजात सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून गावात येणाऱ्या माणसांचा ओघ किती वाढला, हे आपण रोज रस्ता ओलांडताना अनुभवतो. त्या ओघाबरोबर 'बाबाचा प्रसाद' म्हणून भांगेची थंडाई विचारणारी कोवळी मुलेही येतात. देणारा वय विचारत नाही, पिणारा माप विचारत नाही. दुकानाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेला, घाम फुटलेला, आपण मरतो आहोत असे पुनःपुन्हा सांगणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मी स्वतः पाहिला आहे. त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. तो मुलगा मराठी होता, आपल्याच एका घरातला. त्याच्या वडिलांनी मला विनंती केली ती एवढीच, की हे कोणाला सांगू नका. मी नाव सांगत नाही. पण गप्प राहण्याचे वचनही मी दिलेले नाही.

आता कायद्याचे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा गांजाची व्याख्या करताना फुले-फळे असलेले शेंडे धरतो. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया तो वगळतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही ही वगळणूक आहे. म्हणून भांग राज्याच्या अबकारी नियमांखाली विकली जाते आणि गांजा विकणारा तुरुंगात जातो. पण एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसते: झाड लावणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. परवान्याविना एक कुंडी लावली तरी त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा जवळ सापडला तर एक किलोपर्यंत 'अल्प' मानून शिक्षा वर्षापर्यंत उतरते. झाडाला तसले अल्प-अधिक काही नाही. म्युनिकच्या गच्चीवर जे तीन कुंड्यांचे छंदकार्य, ते फ्रीगंजच्या गच्चीवर दहा वर्षांचे भय. पुतण्याने मला परतताना सहज विचारले होते, "पाकीटभर बी नेता का? माळव्यातल्या थंडीत होईल." त्याला हे माहीतच नव्हते, आणि ते माहीत करून देणे हे माझे काम होते.

हा कायदा शहाणपणाचा आहे असे मात्र मला म्हणवत नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर १,१९३ साक्षी घेतल्या. त्याचा निष्कर्ष असा होता, की माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिरेकाने होते, आणि बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे. परक्या सरकारला महसुलाची काळजी होती, हे मान्य. तरी त्या आयोगाने माप आणि अतिरेक यांत फरक केला. आपल्या संसदेने पान आणि फूल यांत केला, पण बागेत एक झाड लावणारा मुलगा आणि शेत भरून लावणारा तस्कर यांच्यातला फरक न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचे मत त्या २७ मध्ये होते. उत्तराखंडाने नशा नसलेल्या, ०.३ टक्क्यांच्या आतल्या भांगेच्या शेतीला परवाने दिले. पहाडी घरांत तिच्या बियांची चटणी पूर्वापार होतेच. म्हणजे बदल सुरू आहे, आणि आपण म्हणीपाशी थबकलो आहोत.

मला ठाऊक आहे, यावर काय म्हटले जाईल. पहिला आक्षेप असा येईल, की पांढरपेशा मराठी मंडळाच्या अंकात हा विषय घेणे अनुचित. ज्या मंडळात अफूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या माळव्यातल्या वाड्यांच्या आठवणी हौसेने वाचल्या जातात, तिथे तरी हा आक्षेप घेऊ नये. दुसरा आक्षेप असा, की देवाचे ते देवाला, आपण त्यात पडू नये. पडूच नये, हे मलाही मान्य आहे. पण मग मुलांपुढे शृंगाराचे कौतुक आणि घरात त्याच पानाची निंदा, हेही करू नये. तिसरा आक्षेप पुतण्याच्या बाजूने येईल: काका, तुम्ही जुन्या मापाचे गोडवे गाता, जग पुढे गेले. जग पुढे गेले असेल, यकृत तिथेच आहे.

येत्या महाशिवरात्रीला पुतण्या उज्जैनला येतो आहे. बियांचे पाकीट तिथेच ठेवून येण्याचे त्याने कबूल केले आहे. मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती अशी, की त्या आठवड्यातली सभा या विषयासाठी राखावी, एक वकील आणि एक डॉक्टर बोलवावा, आणि अठरा ते तीस वयाच्या मुलांना वडीलधाऱ्यांशिवाय प्रश्न विचारू द्यावेत. सभागृह मिळत नसेल तर आमच्या वाड्याचा चौक रिकामा आहे. माळ्यावरचा पाटा मी खाली काढून ठेवला आहे. वरवंटा मात्र सापडत नाही, तो कोणाकडे गेला असेल त्यांनी कळवावे.